पट्टीखालचे हात

व्हिडिओ पडदाभर लावला की खालची बटणांची पट्टी तीन सेकंदांत आपोआप नाहीशी होते. आमच्याकडे होत नव्हती.

एरवी मी तक्रार केली नसती. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस बरंच चालवून घ्यायला शिकतो. पण बायको जाऊन वर्ष झालं आणि तिचा हा एकुलता एक व्हिडिओ. बागेतल्या बाकावर आम्ही दोघं, आणि पट्टी नेमकी आमच्या हातांवर. चारचौघांत मी तिचा हात कधी धरला नाही, असं ती शेवटपर्यंत ऐकवत होती. त्या दिवशी धरला होता, असं माझं म्हणणं. तेवढंच बघायचं होतं.

भर दुपारी भाची आली. कॉम्प्युटर दुरुस्ती हा तिचा धंदाच.

"मामा, माउस हलला की पट्टी राहते. तुमचा हात थरथरत असेल."

"माझे दोन्ही हात खिशात आहेत, बाई."

तिने वायर उपटून माउस टेबलाच्या खणात टाकला. पट्टी तशीच.

"आता गं?"

"मामीच हलवत असेल," ती हसली. मग हसायची थांबली. खणात काहीतरी सरकत होतं.

तिने खण ओढला. आत काहीच नव्हतं.

तेवढ्यात पट्टी गेली. बाकावर माझा हात एकटाच पडला होता. हिचा हात शेजारी होता, आमच्या माउसवर.

तो जरासा हलला, आणि पट्टी परत आली.