शिंप्याची पहिली शिकार

शिंप्याला या ऑनलाइन गेममध्ये एकच फायदा दिसला होता. परगावची लेक फोनवर दोन मिनिटांत "बरं, ठेवते" म्हणायची. राक्षसाच्या शिकारीला सोबत गेलं, की शिकार संपेपर्यंत तिला बोलणं भाग होतं. दोघांत मिळून तीनदा पडलं, म्हणजे मेलं, की शिकार फसायची आणि डाव पहिल्यापासून.

"बाबा, मागे व्हा! शेपटी!" हेडफोनमधून लेक ओरडली. बाबा नेमके शेपटीखाली गेले आणि पडले. पुढच्या वेळीही तेच.

"मग, पहिल्या दिवशी काय मत?" लेकीने विचारलं.

"फार अवघड आहे गं. माझ्या हातचं नव्हे हे."

राक्षस आता लंगडत होता. आणखी दोन घाव बसले, की खेळ आटोपला असता. तेवढ्यात लेकीचं लक्ष बाबांच्या निळ्या अंगरख्याकडे गेलं. तो याच राक्षसाच्या कातड्याचा होता, आणि तसा एक मिळवायला राक्षस पाच वेळा मारावा लागतो. चांगलं कापड दिसल्यावर ते अंगात न घालता शिंप्याला राहवलं नव्हतं.

"अंगरखा मस्त आहे हो, बाबा."

"खांद्यात जरा ढिला बसतो," बाबा बोलून गेले.

लेक गालात हसली. तिने तलवार म्यान केली आणि सावकाश शेपटीखाली जाऊन उभी राहिली.

"अगंबाई, पडले की मी! परत पहिल्यापासून?"

दोन मरणं बापाच्या नावावर लागली, तिसरं लेकीच्या. राक्षस तेवढा फुकटात वाचला.