दादावरचा निबंध

"वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे," असं शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं. पिटूने लिहून झालेला निबंध पुन्हा एकदा वाचला, तर तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे जमलं होतं.

शाळेचं शेवटचं वर्ष. तिला हव्या असलेल्या लांबच्या कॉलेजने मार्कांसोबत निबंधही मागवला होता: आयुष्यातली एक मोठी अडचण आणि तिच्यावर तुम्ही केलेली मात. पिटूने डोकं खाजवून पाहिलं. अडचण म्हणावी असं काही हाताला लागेना. ऐन वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी घसा बसला होता, ते तिने बाईंना सांगितलं. बाई हसल्या. "अगं, घरात एवढा विषय असताना हे काय? तुझा दादा आहे की!"

निबंध त्याच संध्याकाळी पाठवायचा होता. आई अजून दवाखान्यातल्या ड्युटीवरून यायची होती. तेवढ्यात दादा आला. तो पिटूपेक्षा बराच मोठा, अंगाने दांडगा. पण त्याचं वाचन तिसरीतल्या मुलाएवढंच राहिलं होतं. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत तो कामाला जायचा. त्याने हात धुतले, खुर्ची तिच्या खुर्चीला चिकटवली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं.

"दा-दा. हा मी!"

"तूच. पण जाऊ दे ना, कंटाळवाणं आहे रे ते."

"माझ्यावर आहे आणि कंटाळवाणं?" दादा खूश होऊन म्हणाला आणि पुढे वाचायला लागला.

दादा वाचताना काही गाळत नसे. बोट एकेका अक्षरावरून सरकत होतं. पिटूला लॅपटॉप मिटता आला असता, पण मधे त्याचं बोट होतं. तिसऱ्या ओळीत काय लिहिलंय ते तिला पाठ होतं, आणि बोट तिकडेच निघालं होतं.

"दादाचं... ओ-झं... मी लहानपणापासून... माझ्या खांद्यावर... वाहिलं आहे."

तो थांबला. त्याने तिच्या खांद्याकडे पाहिलं.

"कधी?"

"काय कधी?"

"माझं ओझं. तू कशाला वाहिलंस? मला सांगायचं ना. मी उचललं असतं." मग जरा विचार करून म्हणाला, "तुझं पण उचललं असतं."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने अंगठ्याने तिचा खांदा दाबून पाहिला.

"दुखतो?"

"नाही रे."

"मग कुठे गेलं?"

"नव्हतंच, दादा." पिटू म्हणाली. "मी उगाच लिहिलं."

"उगाच लिहिलं तर खोड."

पिटूने खोडलं. ओळ नाही, सगळंच. पांढऱ्या पडद्याकडे दोघं बघत बसली.

"आता काय लिहू? मला धड एक अडचणसुद्धा नाही."

"आहे की," दादा म्हणाला. "तुला शिट्टी येत नाही."

पिटूला हसू फुटलं.

"हसू नको. एवढी मोठी झालीस, तरी नुसती हवा येते." त्याने ओठांचा चंबू करून खणखणीत शिट्टी वाजवून दाखवली. "वाजव."

तिने फुंकलं. नुसती हवा. पुन्हा फुंकलं, तर थुंकी उडाली.

"ओठ आवळलेत तुझे. सैल सोड. लहानपणी पण असेच आवळायचीस." दादा कपाळाला आठ्या घालून तिच्या ओठांकडे बघत होता, जणू तिथे काही सांडलं होतं आणि ते त्यालाच पुसायचं होतं.

पिटूने तेच लिहिलं. कित्येक वर्षांत न वाजलेली शिट्टी, रोज जेवणानंतरची शिकवणी, आणि एकदाही न कंटाळलेला मास्तर. मात कुठेच नव्हती. 'प्रयत्न चालू आहेत' एवढ्यावर निबंध संपला. बाईंना काय वाटेल हा विचार तिने बाजूला सारला आणि पाठवून दिला.

"कॉलेज लांब आहे?" दादाने विचारलं.

"रात्रभर गाडीत बसावं लागतं."

"मग रोज कशी येणार तू?"

घरात महिनोन् महिने याच कॉलेजची चर्चा चालली होती. त्याला समोर बसवून कुणी काही सांगितलं नव्हतं, हे पिटूच्या आत्ता लक्षात आलं.

"रोज नाही यायचं, दादा. तिथेच राहायचं. सुट्टी लागली की यायचं."

दादा उठला आणि आतल्या खोलीत गेला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग काहीतरी धपकन पडलं. पिटू जागची हलली नाही. तो रडत असेल, तर काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं. आई घरी आल्यावर मात्र ती तिच्या मागोमाग आत गेली.

कपाट रिकामं होतं. माळ्यावरची मोठी बॅग पलंगावर उघडी होती आणि पिटूचे झाडून सगळे कपडे तिच्यात काठाला काठ लावून बसले होते. दादा सगळ्यात वर स्वेटर ठेवत होता.

"गाडीत थंडी वाजली तर," तो म्हणाला.

"अरे राजा, अजून निकाल लागायचाय," आई म्हणाली. "तिला घेतात की नाही हेसुद्धा..."

पिटूने आईचा हात दाबला.

निकालाला अजून अख्खा हिवाळा होता. तोवर पिटू रोज सकाळी त्या बॅगेतून कपडे काढून घालायची, आणि संध्याकाळी दादा त्यांची घडी घालून ते पुन्हा बॅगेत ठेवायचा.