एवढा नारिंगी माणूस

"निम्म्या कारवाल्यांना समोरचा हत्ती दिसत नाही, मोटारसायकल काय दिसणार!" दुकानात नजर तपासायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चष्मेवाले काका हे ऐकवायचेच. स्वतः ते भडक नारिंगी जाकीट घालून, हेल्मेटला चमकत्या पट्ट्या चिकटवून आणि भर दुपारीसुद्धा हेडलाइट लावून मोटारसायकल चालवायचे. "चंद्रावरूनही दिसाल हो तुम्ही," काकू म्हणायच्या.

आज दुकानाकडे वळताना त्यांनी बऱ्याच आधी इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, वर हातही दाखवला. तरी मागून आलेल्या कारने त्यांना अलगद ढकललंच, आणि काका रस्त्याकडेच्या कुंड्यांमध्ये जाऊन पडले.

लागलं काहीच नव्हतं, पण पारा चढला होता. "डोळे फुटलेत का?" काका कुंड्यांमधूनच ओरडले. "एवढा नारिंगी माणूस दिसत नाही? आधी नजर तपासून घ्या!"

कारवाला घाईघाईने उतरला आणि काकांच्या शेजारच्या झाडाला हात जोडून म्हणाला, "माफ करा हो. परवाच तपासली, या समोरच्याच दुकानात. ते काका सगळा वेळ कारवाल्यांना शिव्या घालत होते आणि शेवटी म्हणाले, तुमची नजर घारीसारखी आहे, चष्मा अजिबात नको."

आडव्या पडलेल्या मोटारसायकलचा इंडिकेटर अजून लुकलुकत होता.


त्यावर हळूच रुमाल टाकत काका म्हणाले, "जाऊ द्या हो, चूक माझीच. मी इंडिकेटरच दिला नव्हता."