गोलकीपरचा गुडघा

फुगून मांडीशी बरोबरी करायला निघालेला एक उजवा गुडघा.

शिवणयंत्राखाली पायाने आत सरकवलेलं एक गाठोडं.

फवारे मारून भिजवलेलं, नकली गवताचं हिरवं मैदान. उन्हात त्याची वाफ निघते आणि नाकात रबराचा वास बसतो.

चिकटपट्टी गुंडाळलेलं ताईचं बोट.

मॅनेजरचं एक वाक्य, सगळ्या संघासमोर बोललेलं: "हा सामना हरलो नाही, तर आपण इथेच. हरलो, तर मालक संघ उचलून दुसऱ्या शहरात नेणार. आता तुमच्या हातात आहे."

तर, सामना होऊन आठवडा झाला होता आणि तो ताईच्या शिवणदुकानाच्या पायरीवर पाय लांब करून बसला होता. समोर रस्त्यापलीकडे स्टेडियमचं फाटक, फाटकात संघाची बस. हॉकी स्टिक, पॅड, चेंडूंच्या जाळ्या डिकीत चढत होत्या. त्याचं सामान त्यात नव्हतं. डॉक्टरने गुडघ्याची फिल्म उजेडाकडे धरली होती आणि मग त्याला वय विचारलं होतं. एवढ्यावरून तो काय ते समजला.

शहरात त्याला भिंत म्हणत. वर्षानुवर्षं म्हणत होते. आता दार म्हणायला लागले. "दार आलं रे, सरका," म्हणायचे, आणि खरंच सरकायचे. ते सरकणं जास्त लागायचं.

फाटकावर तिकिटं फाडणारे भावोजी हातातल्या किल्ल्या जमा करून आले. खिसे चाचपत म्हणाले, "काय मेहुणे, बसून काय राहिलात? जा, निदान बस तरी अडवा. चांगली मोठी आहे, चुकायची नाही."

"पुरे," ताई आतून म्हणाली.

भावोजी मागच्या खोलीत गेले. त्यांनी दार आपटलंही नाही.

तो स्ट्रोक त्याला जागेपणी दिसायचा. शेवटची मिनिटं, बरोबरी. बरोबरी पुरणार होती. पंचांनी पेनल्टी स्ट्रोक दिला. समोर मारणारा, गोलात तो एकटा, बाकीचे सगळे लांब. त्याची रीत ठरलेली. मारणाऱ्याचे डोळे बघायचे नाहीत, डोळे थापा मारतात. खांदे बघायचे. त्याने खांदे बघितले. चेंडू डावीकडे येणार हे त्याला चेंडू निघण्याआधी कळलं. उजव्या पायाने जमीन रेटून तो झेपावला. म्हणजे बाकीचा सगळा झेपावला. गुडघा तिथेच राहिला.

खरं तर त्याला कुणीतरी अडवलं होतं. सामन्याच्या आदल्या दिवशी तो असाच लंगडत दुकानात शिरला, आणि शिवणयंत्रापाशी गाठोड्याला अडखळला.

"हे काय गं वाटेत?"

"शाळेचे गणवेश." ताईने पायाने गाठोडं आत सारलं.

"आणि बोटाला?"

"जाड कापड होतं." मग मान वर न करता म्हणाली, "उद्या खेळू नकोस."

"ताई, उद्या हरलो तर संघ गेला. संघ गेला तर तुझ्या जर्सीचं काम गेलं. भावोजींचं फाटक गेलं."

"दुसरा गोलकीपर आहे ना? त्याला उभा कर."

"त्याला चेंडू तरी दिसतो का?"

"नाही दिसला तरी चालेल."

हे वाक्य त्याच्या जिव्हारी लागलं. सख्ख्या बहिणीनेच हात टेकले होते. त्याने तिच्याकडे बघितलं, तर तिने पाठ फिरवून मशीन चालू केलं होतं. सुईखाली कापड नव्हतं.

संघाच्या डॉक्टरने इंजेक्शन द्यायला नकार दिला. मॅनेजरने ओळखीतला दुसरा आणला. पाठीवर थाप मारून म्हणाला, "शहर तुझ्या पायावर उभं आहे, राजा."

आता बसपाशी खेळाडू जमले. अंगात नव्या जर्सी, छातीवर नव्या शहराच्या नावाचा बिल्ला. इतक्या लांबूनही काठ सरळ दिसत होता.

"तिकडच्या शिंप्याचा हात भलताच चालतो, ताई," तो म्हणाला. "आठवड्यात सगळा संघ नटवला."

ताईने नजर दोऱ्याच्या रिळाकडे वळवली. आठवडाभर ती अशीच होती. त्याला जेवायला वाढायची, गुडघा शेकायची, पण चेहऱ्याकडे बघायची नाही. त्याने तिचे खांदे बघितले. पडलेले, आत वळलेले. हे खांदे तो ओळखत होता. शहरभर सगळ्यांचे तसेच होते.

"एकदा शिव्या घाल," तो म्हणाला. "घाल आणि मोकळी हो. माझ्यामुळे झालं सगळं."

"तुझं काही चुकलं नाही."

आजाऱ्याला देतात तसला दिलासा. तो हसला. आत जाऊन त्याने काखेतली आपली जुनी जर्सी तिच्या मांडीवर ठेवली. "एवढा बिल्ला उसवून दे. उद्यापासून मीही इथे नाही. हॉकी कशाशी खातात हे कुणाला माहीत नसेल अशा ठिकाणी जातो."

"कुठे जाशील या पायाने?"

"इथे तरी कुठे उभा राहू?"

तिने कात्री घेतली. तिचे ओठ हलले, पण तेवढ्यात बसने हॉर्न दिला. मॅनेजरने बसच्या दारातून ताईला हात केला. ताईने खिडकीचा पडदा ओढला आणि एकेक टाका उसवू लागली. कात्री दोनदा टाक्याऐवजी कापडात गेली. एवढं वाईट वाटतंय हिला, त्याला वाटलं, आणि तरी तोंडातून माझ्याविरुद्ध एक शब्द नाही.

जर्सी खांद्यावर टाकून तो फुटपाथच्या कडेकडेने निघाला. लोक सरकत गेले.

नव्या शहराचे बिल्ले लावलेल्या त्या सगळ्या जर्सी सामन्याच्या आदल्या दिवशी ताईच्या शिवणयंत्राखाली गाठोड्यात बांधून तयार होत्या.