हॉकीची काळी पट्टी

कोण श्रीमंत, कोण गरीब हे दिसू नये म्हणून शाळेने कपड्यांवरच्या, दप्तरांवरच्या ब्रँडच्या खुणांवर बंदी घातली. सोमवारी क्लासेन सर हॉकीच्या काठीला गुंडाळायची काळी पट्टी घेऊन दारातच उभे राहिले. दिसली खूण की चिकटव पट्टी! जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोरांनी त्याचाही खेळ केला. “माझ्या चार पट्ट्या!” “हॅ, माझ्या सहा!” ओरिसियाचं निळं दप्तर चर्चमध्ये भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारातलं, बिनखुणेचं. “काय गं, तुला एकसुद्धा नाही?” वर्गातली ब्रिन खिदळली. पेरोगीचा, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचा, डबा बंद करून ओरिसिया तडक सरांकडे गेली आणि तिने दप्तर पुढ्यात आपटलं. “पट्टी लावा, सर.” सर हसले. “अगं वेडे, तुझ्या दप्तरावर झाकण्यासारखं आहेच काय?” मागे सगळा वर्ग कान टवकारून उभा. ओरिसियाने आवाज जराही खाली आणला नाही. “काहीच नाही, सर. तेच झाकायचंय.”