माझं वेगळं ठेव

दोन्ही मडकी एकदमच फुटली.

विक्रम उठून उभा राहिला, तिथेच घोटाळा झाला. पुण्याहून बहीण अर्चना व्हिडिओ कॉलवर होती. तिला आईच्या अस्थींचं मडकं आणि मागचा समुद्र एकाच चौकटीत हवा होता. "बसून घ्या साहेब, लाट हाय," होडीवाला गोमा दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणायची वेळच आली नाही. होडी कलली, विक्रम आईसकट आडवा झाला आणि पडला तो नेमका नलूच्या बापावर.

नलूचा बाप जानू. पन्नास वर्षं तारापूरच्या समुद्रात मासे मारले आणि परवा गेला. होडी खरं तर नलूच्या मांडीवरच्या मडक्यातल्या त्याच्या अस्थी सोडायला निघाली होती. विक्रमला कंपनीने एकच दिवस रजा दिलेली, त्यात नाशिक गाठणं जमणार नव्हतं. "या आमच्यासंगं," म्हणून गोमाने त्याला जागा दिली होती.

आता होडीच्या तळात, जाळ्याच्या वेटोळ्याशेजारी, राखेचा एकच ढीग होता. त्यातून फोन बोलला, "दादा, आई दिसत नाहीये."

विक्रमने फोन उचलला, बंद केला आणि न पुसता खिशात घातला. त्याला घाम फुटला होता. कारण त्याची आई सोजराबाई कुणात मिसळणारी बाई नव्हती. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, साबणाची वडीसुद्धा वेगळी. बोईसरच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणी मासे तळले, की ती दिवसभर उदबत्त्या लावायची. समुद्र रिक्षाने वीस मिनिटांवर, पण वीस वर्षांत तिने त्यात पाऊल घातलं नाही. पाण्याला ती भयंकर भ्यायची. शेवटच्या दिवशी दवाखान्यात तिने विक्रमला जवळ बोलावून एवढंच सांगितलं, "माझं वेगळं ठेव हं, बाळा." आणि तो हो म्हणाला होता.

तसा विक्रम अडाणी नव्हता. रोज पहाटे सोसायटीच्या ग्रुपवर उगवत्या सूर्याच्या फोटोवर 'मी देह नाही, आत्मा आहे' असं लिहून तोच टाकायचा. भेटायला आलेल्यांनीही गेल्या तीन दिवसांत ज्ञानात भर घातली होती. वरच्या मजल्यावरचा मेहुल जैन. तो म्हणाला, जीव क्षणात दुसऱ्या देहात पोचलासुद्धा. शिफ्टमधले कांबळे बौद्ध. ते म्हणाले, कायमचा असा 'मी' मुळात नसतोच, दिव्यावरून दिवा लागतो, तेवढंच. सुपरवायझर इक्बालभाई म्हणाले, रूह अल्लाची, ती त्याच्याकडे परत गेली. तिघांची तीन मतं, पण एका गोष्टीवर एकमत होतं: आई मडक्यात नाही. विक्रमने तिन्ही वेळा मान डोलावली होती. आणि आज सकाळी गाडीत त्याच मडक्याला सीटबेल्ट लावला होता.

तो राख निवडायला लागला. पांढुरकी इकडे, काळपट तिकडे.

"काय करताय?" नलूने विचारलं.

"आईला वेगळं करतोय."

नलू त्याच्यासमोर उकिडवी बसली. तिचे डोळे रडून सुजले होते. "करा. आमचा बाबा निघाला तर इकडं द्या."

विक्रमने एक हाड उचललं. आईचं वाटलं. मग नाही वाटलं. दुसरं उचललं. मेथी खाऊन पोसलेलं हाड आणि बोंबील खाऊन पोसलेलं हाड, दोन्ही तेवढीच पांढरी, तेवढीच हलकी. त्याने ती नाकाशी नेली. उदबत्तीचा वास नव्हता. मासळीचाही नव्हता. कसलाच वास नव्हता. चहूकडे पाणी होतं, किनाऱ्यावरून त्याला एवढं कधी दिसलं नव्हतं, आणि त्याच्या हातात दोन माणसं होती, आणि कोण कुठलं ते ओळखता येत नव्हतं.

"साहेब, ओहोटी हाय तोवर सोडा," गोमा हळूच म्हणाला. "मंग भरती लागली तर परत किनाऱ्याला येतील."

विक्रम ढिगाकडे बघत राहिला. मग मुलगी द्यायच्या आधी घर बघायला आल्यासारखं त्याने नलूला विचारलं, "तुझे बाबा स्वभावाने कसे होते?"

नलू म्हणाली, "बोलायचा कमी. पर पाण्यात पडलेल्या माणसाला सोडून बाबा कधी घरी आला नाय."

विक्रमने ओंजळ भरली. नलूनेही भरली. दोघांनी हात काठावरून खाली नेले. राख पाण्यावर पसरली आणि सावकाश आत निघाली.

विक्रम पाण्यावर वाकला. "काका," तो म्हणाला, "आईला पाण्याची भीती वाटते. जरा हात धरून न्या तिला."