सहीवाचून

डी.एस्सी.च्या अर्जाला आपले छापून आलेले शोधनिबंध जोडायचे. दोघांनी मिळून लिहिलेल्या निबंधांत आपला वाटा किती, यावर दुसऱ्याची सही आणायची. त्यामुळे म्हातारे प्रोफेसर अर्कहार्ट पेन उघडूनच बसले होते. अर्ज करणारी त्यांची जुनी विद्यार्थिनी इशबेल आली ती हात हलवत.

"अर्ज देऊन आले. तुमची सही लागली नाही."

"माझं नाव असलेले निबंध वगळलेस? मग उरलं काय तुझ्याकडे? दलदलीतला चिखल?"

"उरले ना! दलदलीबद्दलचा तुमचा सिद्धांत खोटा पाडणारे सगळे."

"ते? त्यांवर माझं नाव नको म्हणून मीच तुला बजावलं होतं!"

"म्हणून तर ते माझे एकटीचे राहिले, प्रोफेसर. उपकार झाले तुमचे."